कोळशाचा स्टोव्ह रात्रभर पेटता राहायला लागला

इकडे पेनसिल्व्हेनियात अँथ्रासाइट, म्हणजे कडक दगडी कोळसा सहज मिळतो म्हणून घरातला जुना स्टोव्ह चालू केला, पण पहाटेपर्यंत विझायचाच. लाकडासारखी वरून हवा देऊन ह्याचं भागत नाही, हवा जाळीखालूनच पाहिजे आणि थर चांगला जाड, फायरब्रिकच्या (स्टोव्हच्या आतल्या उष्णता सोसणाऱ्या विटांच्या) काठापर्यंत. वरून ढोसायचं तर अजिबात नाही! आता झोपायच्या आधी खालची झडप उघडून निखारे लालबुंद करतो, मग जाळी हलवतो, राखेच्या ट्रेमध्ये लाल ठिणग्या पडायला लागल्या की बस, आणि नवीन कोळसा टाकताना एका कोपऱ्यात निखारे उघडे ठेवतो म्हणजे गॅस तिथेच पेटतो, नाहीतर साठून धडाम करतो. निळ्या ज्वाळा नाचायला लागल्या की झडप थोडी बंद. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र लावाच, त्यात कंजूषी नको.