पुस्तक आपल्या लायब्ररीत नसलं तर बाहेरनं कसं मागवायचं

खानापूरची माझी भाची एमए करायलीय, एका जुन्या पुस्तकासाठी बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवरनं बस धरून कोल्हापूरला गेली आणि तिथं कळलं की पुस्तक कुणीतरी नेलंय. अख्खा दिवस गेला पोरीचा. म्हणून सांगतो, आधी घरी बसून शोधा, मग बस धरा.

मोबाईलवर इंडकॅट ही वेबसाइट उघडा. विद्यापीठांच्या लायब्ऱ्या जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही यादी, देशभरातल्या विद्यापीठांच्या लायब्ऱ्यांत कुठं कुठलं पुस्तक आहे ते एकाच जागी दिसतं, पैसे लागत नाहीत. पुस्तक तिथं वाचायला मिळत नाही हां, फक्त ठावठिकाणा कळतो. आपलं अडतं ते स्पेलिंगवर, कारण पुष्कळ मराठी पुस्तकांची नावं इंग्रजी अक्षरांत भरलेली असतात, आता नुसता 'ज्ञान' शब्द घ्या, कुणी डी-एन-वाय लिहितं, कुणी जे-एन, कुणी जी-वाय, तिन्ही टाकून बघायचं. आपल्या बेळगावचंही तेच, २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं, पण जुन्या नोंदी बेलगाम नावानंच सापडतात. मागच्या कव्हरवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-नंबर, असला तर सरळ तोच टाका. जुन्या पुस्तकांवर तो नसतो, मग लेखकाचं नुसतं आडनाव टाका.

सापडलं की त्या लायब्ररीचा स्वतःचा ओपॅक, म्हणजे ऑनलाइन यादी, उघडा, पुस्तक कपाटात आहे की बाहेर दिलंय ते तिथंच कळतं. भाचीनं एवढंच बघितलं असतं तर फेरी वाचली असती.

मग आपल्या कॉलेजच्या ग्रंथपालांकडं जा. आंतरग्रंथालयीन देवघेव लायब्ररी-लायब्ररीत होते, आपल्या नावावर परस्पर पुस्तक येत नाही. कॉलेज डेलनेटचं मेंबर आहे का विचारा, लायब्ऱ्यांचं दिल्लीचं हे नेटवर्क १९८८ पासून आहे, मेंबर असलं तर मागणी तिकडनं जाते. कागदावर लेखक, नाव, प्रकाशक, साल, आवृत्ती सगळं लिहून न्या, आवृत्ती चुकली की नको तेच पुस्तक येतं. पोस्टाचा खर्च कुणी द्यायचा तेही आधीच विचारा. दुर्मीळ पुस्तक सहसा कुणी बाहेर पाठवत नाही, पण एखादा लेख किंवा थोडीच पानं हवी असली तर स्कॅन मिळेल का विचारून बघा, पुष्कळदा काम तेवढ्यावर भागतं.

पीएचडीचे प्रबंध हवे असतील तर आधी शोधगंगा ही वेबसाइट बघा, तिथं पुष्कळ प्रबंध पूर्ण पीडीएफमध्ये फुकट असतात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचेसुद्धा.

आणि मागवलेलं पुस्तक परत देताना टपालाचे दिवस धरून तारखेच्या चार दिवस आधीच ग्रंथपालांच्या हातात द्या, उशीर तुम्ही केला तरी तिकडं नाव कॉलेजचं लागतं.