व्हीपीएनच्या खिडकीतला चेपलेला लोगो : माझा अनुभव

घरून काम करणाऱ्यांसाठी मी विंडोजच्या कनेक्शन मॅनेजर ॲडमिनिस्ट्रेशन किटमध्ये (तयार जोडणीचं पॅकेज बनवायचं साधन) व्हीपीएनचं, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणीचं, प्रोफाइल बनवलं. लॉगिनच्या खिडकीत आमचा लोगो मात्र चेपलेला दिसायचा. दोन संध्याकाळी गेल्या! कारण साधं होतं: तिथलं चित्र 330 बाय 140 पिक्सेलचं बिटमॅप (बीएमपी प्रकारची चित्रफाइल) लागतं, माझं चौरस होतं. त्याच मापाचा कॅनव्हास घेऊन लोगो मध्ये ठेवला, बाजूला पांढरी जागा सोडली. झालं.

खरा त्रास लॉगिनच्या खिडकीतल्या ‘डोमेन’च्या (ऑफिसच्या नेटवर्कचं नाव) रकान्याचा. तिथे काय लिहायचं, म्हणून रोज फोन. किटच्या विझार्डमधल्या (पायरीपायरीने विचारणाऱ्या खिडक्या) प्रगत बदलांत, सीएमएस फाइलमध्ये (प्रोफाइलच्या सेटिंग्जची फाइल) ‘हाइडडोमेन’चं मूल्य 1 केलं आणि रकाना गेला. नवं पॅकेज प्रत्येकाला पुन्हा बसवावं लागलं, पण आमच्या हिशेबनीस काकू आता स्वतःच जोडणी करतात. मला फार बरं वाटलं.