सहा महिन्यांच्या मुक्कामात कॉलेज बेसबॉलचा मोसम कसा बघावा, आणि त्याची वही कशी ठेवावी

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहायला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. मग दुपार खायला उठते. घरात कुणी नसतं, गाडी आपल्याला चालवता येत नाही आणि मालिका तरी किती बघायच्या? माझी लेक टेनेसीत नॉक्सव्हिलला असते, जावई ओक रिजच्या प्रयोगशाळेत. मी सांगलीत शाळेत गणित शिकवायचे. आमचे हे दिवसभर यूट्यूबवर कीर्तनं ऐकू शकतात, मला ते जमत नाही. मला कॉलेजच्या बेसबॉलने तारलं, आणि तेही २०२४ सालच्या टेनेसीच्या संघाने.

सगळ्यात आधी विमानाचं तिकीट. बहुतेक आईवडील एप्रिल-मेमध्ये जातात, थंडी नको म्हणून. तुम्ही फेब्रुवारीच्या सुरुवातीला जा. कॉलेजचा मोसम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि जूनच्या अखेरीस नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात संपतो. म्हणजे अख्खा मोसम आपल्या सहा महिन्यांत बसतो. व्यावसायिक लीगचं तसं नाही, ती ऑक्टोबरपर्यंत चालते आणि शेवट बघायला आपण तिथे नसतो. थंडीचं म्हणाल तर फेब्रुवारीच्या संध्याकाळी मैदानावर गुडघ्यांवर घ्यायला एक शाल पुरते, पण ती जाडच घ्या.

मग संघ निवडा. लेक राहते त्याच गावाचा किंवा राज्याचा निवडा, टीव्हीवर दिसेल तो नको. नॉक्सव्हिलमध्ये मोसम रंगात आला की दुकानदारापासून दंतवैद्यापर्यंत सगळे नारिंगी कपड्यांत असतात आणि कालच्या सामन्याबद्दल कुणीही तुमच्याशी बोलतं. इंग्रजी बोलायची भीती माझी तिथेच गेली. मैदानाचं नाव लिंडसे नेल्सन स्टेडियम. नेल्सन हे याच विद्यापीठात शिकलेले नावाजलेले समालोचक. एखाद्या समालोचकाचं नाव मैदानाला द्यावं, हे मला फार आवडलं. तिकीट मिळालं नाही तर ईएसपीएनच्या ॲपवर बरेच सामने दिसतात. जावयाकडून एकदा लॉगिन करून घ्या आणि पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नियम फार शिकत बसू नका. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना तीन-तीन आउट. पिचर चेंडू टाकतो, बॅटर तो मारून चार बेस, म्हणजे मैदानातले चार कोपरे, एकामागून एक गाठत पळतो. मारण्याजोगा नसलेला आणि बॅटरने सोडलेला चेंडू म्हणजे बॉल. चार बॉल म्हणजे फुकटचा पहिला बेस, त्याला वॉक म्हणतात. हुकलेला किंवा मारण्याजोगा असून सोडलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. तीन स्ट्राइक म्हणजे आउट. कॉलेजात बॅट धातूची किंवा तशाच कृत्रिम मिश्रणाची असते, म्हणून फटक्याचा आवाज टणकन येतो. एवढ्यावर पहिला सामना बघता येतो. बाकीचं वही शिकवते.

वही इथूनच न्या. चौकटींची, गणिताची, दोनशे पानी. तिथे छापील स्कोअरबुक मिळतं, पण त्यातल्या चौकटी इतक्या बारीक असतात की चष्मा असूनही काही दिसत नाही. एक पान आपल्या संघाला, समोरचं पान दुसऱ्याला. डावीकडे वरून खाली नऊ बॅटरची नावं, वर आडव्या ओळीत इनिंगचे आकडे. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने एक छोटा तिरपा चौकोन काढायचा, हिऱ्यासारखा. त्याचे चार कोपरे म्हणजे चार बेस. खेळाडू जितके बेस पुढे जाईल तितक्या बाजू गडद करायच्या. घरी, म्हणजे निघाला त्या होम बेसवर, परतला की हिरा पूर्ण होतो, तो आतून भरायचा, एक धाव झाली.

आता आकडे. क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात आणि ते कायमचे असतात, खेळाडूच्या पाठीवरच्या नंबराशी त्यांचा संबंध नाही. पिचर १, कॅचर (आपला विकेटकीपर) २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे बाहेरचे तिघे ७, ८, ९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असूनही त्याला ६ का, हा प्रश्न मलाही पडला होता. तो सोडून द्या, पाठ करा. चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला, त्याने दुसऱ्या बेसवाल्याला दिला, त्याने पहिल्याला दिला आणि दोघं आउट झाले, तर लिहायचं ६-४-३. एका ओळीत अख्खी हालचाल! तीन स्ट्राइकने आउट झाला तर इंग्रजी के काढतात. तिसऱ्या स्ट्राइकला बॅट न फिरवता नुसताच बघत राहिला असेल तर तोच के उलटा काढतात. आउट कितवा, तो आकडा कोपऱ्यात गोल करून लिहा. वॉकसाठी मी सरळ ‘वॉ’ लिहिते. वही आपली आहे, बोर्डाची उत्तरपत्रिका नाही.

पहिल्या सामन्यात अर्ध्या चौकटी रिकाम्या राहतील. राहू द्यात. त्या भरण्यासाठी शेजारच्याला विचारत बसलात तर पुढच्या दोन निसटतात. पानाच्या तळाशी मात्र एक ओळ रोज न चुकता लिहायची: कुठला पिचर, किती इनिंग, किती वॉक दिले, किती धावा. मोसमाचं सगळं गणित त्या तळच्या ओळीत आहे.

का, ते सांगते. कॉलेजमध्ये सामने आठवड्याच्या शेवटी तिनाच्या गटाने होतात: शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही एकाच प्रतिस्पर्ध्याशी. मंगळवारी किंवा बुधवारी मधला एक सामना जवळपासच्या एखाद्या कॉलेजशी. चांगला पिचर एकदा शंभरएक चेंडू टाकून बसला की पुन्हा साधारण आठवड्यानेच उभा राहतो. म्हणून शुक्रवारी सगळ्यात चांगला, शनिवारी दुसरा, रविवारी तिसरा. शुक्रवारी तर बहुतेक संघ चांगले दिसतात. संघ खरोखर किती खोल आहे, ते तिसरा पिचर आणि त्याच्या मागून येणारी पोरं बघितल्याशिवाय समजत नाही. एकच सामना बघायचा असेल तर रविवारचा बघा, तिकीटही त्याचंच काढा.

वहीच्या मागच्या बाजूने उलटी सुरुवात करा आणि तिथे मोसमाचं पान आखा. चार उभे रकाने: शुक्र, शनि, रवि, मंगळ. तळची ओळ तिथे उतरवा. २०२४ मध्ये टेनेसीचा शुक्रवारचा मुख्य पिचर ए. जे. रसेल सुरुवातीलाच दुखापतीने बाजूला झाला. कोच टोनी व्हिटेलो यांनी मग शुक्रवारी ख्रिस स्टॅमोसला थोडा वेळ टाकायला लावलं आणि त्याच्यामागून ए. जे. कॉझीला लांब टाकायला आणलं. शनिवारी ड्रू बीम. रविवारी डावखुरा झँडर सेक्रिस्ट. माझ्या रकान्यांत पुढे हीच नावं पुन्हा पुन्हा येत गेली.

लोक बोलायचे ते मात्र होम रनबद्दल (आपला षटकार म्हणा), आणि बोलणारच. त्या मोसमात या संघाने १८४ होम रन मारले. यापेक्षा जास्त एकाच संघाचे आहेत, एलएसयूचे (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे) १९९७ मधले १८८. ख्रिश्चन मूरचे एकट्याचे ३४. एकाच संघातल्या पाच जणांनी वीस किंवा जास्त मारावेत, हे आधी कुठल्याच संघाला जमलं नव्हतं. पण होम रनची मोजदाद वर्तमानपत्रवाले ठेवतात, तुम्ही वॉक मोजा.

हरल्यावर काय करायचं, तेही सांगते, कारण हराल. हा संघ ६० जिंकला आणि १३ हरला, आणि हा त्यांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा मोसम. माझी लेक एकेका पराभवानंतर जेवायची नाही. तिला मी मागची दोन वर्षं सांगायचे. २०२२ मध्ये हाच टेनेसी ५७-९ होता, देशात अव्वल मानांकन, आणि स्वतःच्या मैदानावर नोत्र दामकडून हरून ओमाहाला पोचलाच नाही. त्या वर्षी ओमाहात कोण जिंकलं? ओल मिस, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ, ज्यांना जूनच्या स्पर्धेच्या ६४ संघांत अगदी शेवटी जागा मिळाली होती. २०२३ च्या अंतिम फेरीत एलएसयूने दुसरा सामना ४-२४ असा गमावला आणि दुसऱ्याच दिवशी १८-४ जिंकून विजेतेपद नेलं. म्हणून पराभवाच्या दिवशी वही पूर्ण भरायची, अर्धवट मिटायची नाही. विजयापेक्षा त्या पानावर जास्त मजकूर असतो.

जूनचं वेळापत्रक फ्रिजवर लावा. ६४ संघ, चार-चारचे सोळा गट, दोनदा हरलात की बाहेर. उरलेल्या सोळांच्या आठ जोड्या, तीनपैकी दोन जिंकायचे. त्यातून आठ संघ ओमाहाला, तिथे पुन्हा दोनदा हरलात की बाहेर, आणि अंतिम फेरी तीन सामन्यांची. टेनेसीला मधल्या जोडीत इव्हान्सव्हिल मिळालं, चारच्या गटात चौथ्या मानांकनावरून वर आलेला संघ. दुसरा सामना त्यांनी १०-८ ने जिंकून आमच्याकडे सुतकी वातावरण केलं. तिसरा आम्ही १२-१ ने घेतला. (हो, तोपर्यंत मी ‘आम्ही’ म्हणायला लागले होते.)

ओमाहात पहिल्याच दिवशी फ्लोरिडा स्टेटविरुद्ध नवव्या इनिंगला ८-११ मागे. मूरने त्या सामन्यात एक, दोन, तीन बेसचे फटके आणि होम रन असं चारही प्रकारचं मारलं होतं. ओमाहातल्या इतिहासात त्याच्या आधी हे १९५६ मध्ये एकदाच घडलं होतं. तरी आम्ही मागेच. मग चार धावा आल्या, शेवटचा फटका डिलन ड्रायलिंगचा, १२-११. माझं ते पान आजही वाचता येत नाही, इतकं खोडलेलं आहे.

अंतिम फेरी टेक्सस ए अँड एमशी. शनिवारी स्टॅमोसने सुरुवात केली, ९-५ ने हरलो. रविवारी बीम. सातव्या इनिंगपर्यंत मागे होतो, मग ड्रायलिंगचा होम रन, आठव्यात कॅचर कॅल स्टार्कचा, ४-१. सोमवारी सेक्रिस्ट. मागच्या पानावरचे रकाने आणि हे तीन दिवस पडताळून बघा, क्रम तोच आहे. सेक्रिस्ट सहाव्या इनिंगपर्यंत टिकला, एकच धाव दिली. सातव्यात हंटर एन्सली घराकडे धावत आला, कॅचर चेंडू घेऊन वाटेत उभा. एन्सलीने अंग असं वळवलं की स्पर्शच झाला नाही. ६-१. तेव्हा वाटलं, शोभेची धाव. शेवटी फलक होता ६-५. म्हणून आघाडीवर असलात तरी प्रत्येक हिरा नीट भरा. अव्वल मानांकित संघ जिंकला, तो १९९९ च्या मायामीनंतर पहिल्यांदा.

मैदानावर जाताना: पारदर्शक पिशवी लागते, पर्स आत सोडत नाहीत. पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूला, जाळीच्या मागे बसा. जाळी संपते तिथे बसलात तर चेंडूवरून नजर हलवू नका, व्हॉट्सॲप घरी. शाकाहाऱ्यांना शेंगदाणे, नाचोज आणि मिठाचा प्रेट्झेल मिळतो. जेवून जा.

खेळाडूंवर फार जीव लावू नका, असं सांगून उपयोग नाही, पण तयारी ठेवा. ओमाहा संपलं की जुलैत व्यावसायिक संघ मुलं निवडतात. मूरला एंजल्सने आठव्या क्रमांकावर घेतलं. आमचा बिली अ‍ॅमिक तर त्याच वर्षी क्लेम्सन विद्यापीठाच्या संघातून आला होता आणि त्याच वर्षी गेला. कोच व्हिटेलोसुद्धा ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेले. आणि एक: त्या काळी नियमाने बेसबॉलच्या संघाला पूर्ण शिष्यवृत्त्या फक्त ११.७ मिळायच्या, त्या तीसपेक्षा जास्त मुलांत अपूर्णांकांनी वाटायच्या. वर्गात शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला नोकरीत कधी सापडलं नाही.

परत आल्यावरही मोसम सुटत नाही. तिकडचा शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाचा सामना आपल्याकडे शनिवारी पहाटे चार वाजता येतो. मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे सरकतात, त्याआधी तोच सामना पाच वाजता असतो. गजर त्याप्रमाणे लावा, दूधवाला येईपर्यंत सातवी इनिंग आलेली असते.