जुन्या लोकलला नवी दारं बसवताना या चुका टाळा

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले, काहींचे जीव गेले. त्याच दिवशी रेल्वेने जाहीर केलं की धावत्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं बसवू. ऐकायला सोपं आहे.

पहिली चूक हवेची. बिगर-एसी डबा श्वास घेतो तो उघड्या दारांतून. खिडक्यांपुढे तर माणसंच उभी असतात. ऐन गर्दीत एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ जण. म्हणून रेल्वेच्या आराखड्यात दारांना झडपा, छतावरून हवा आत ढकलणारी यंत्रणा आणि डब्यातून डब्यात जायची वाट, अशा तीन गोष्टी आहेत. यातली एकही ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. कारशेडमध्ये रिकाम्या डब्यात सगळं गारच वाटतं! खरी परीक्षा मे महिन्यात, ओव्हरहेड वायर तुटून गाडी दोन स्टेशनांच्या मधे अडकल्यावर. तेव्हा छतावरचे पंखे बॅटरीवर किती वेळ चालतील आणि दार आतून उघडायचा खटका गर्दीत हाताला लागेल का, हे आधी तपासा.

एकच चौकट मोजून सगळ्या दारांची ऑर्डर देऊ नका. इतक्या वर्षांच्या दुरुस्तीत कुठे पत्रा बदललेला असतो, कुठे गंज. शिवाय भरलेला डबा किंचित दबतो. रिकाम्या गाडीत सुरळीत चालणारं दार गर्दीतच अडत असेल, तर लगेच मोटार बदलायला धावू नका. आधी खालची खाच साफ करा (गुटख्याच्या पुड्या निघतीलच), मग डब्यात वजन ठेवून चौकट पुन्हा मोजा.

दारांसोबत मोटारींची नियंत्रण यंत्रणाही बदलणार असाल, तर सिग्नलवर होणारा परिणाम आधी तपासा. ब्रिटनमध्ये १९८८ च्या ‘क्लास ४४२’ गाड्या नूतनीकरणानंतर २०१९ मध्ये सिग्नल यंत्रणेत अडथळा आणतात म्हणून थांबवाव्या लागल्या. पुढे त्या भंगारातच गेल्या.

आणि इंटरलॉक. सगळी दारं लागल्याशिवाय गाडी हलत नाही, हे बरोबरच. पण एका सेन्सरपायी बारा डबे फलाटावर अडून बसले की मागच्या गाड्याही रखडतात. कुठल्या डब्याचं कुठलं दार अडलंय ते मोटरमनला केबिनमध्येच दिसायला हवं, आणि तेवढं एक दार बंद करून कुलपात ठेवता यायला हवं. त्या दारावर आतून ठळक मराठीत ‘हे दार उघडणार नाही’ असं लिहा, नाहीतर डोंबिवलीला उतरणारा माणूस तिथेच उभा राहून ठाकुर्लीला पोचेल.