नर्मदा परिक्रमेला गाडीने निघताना घर कसे सोपवावे

निवृत्तीनंतर स्वतःच्या गाडीने नर्मदा परिक्रमा करावी, हा विचार खान्देशातील अनेक जोडप्यांच्या मनात असतो. मार्ग, मुक्काम आणि आश्रम यांची माहिती आता सहज मिळते. मात्र महिनाभर मागे राहणारे घर कोणी चालवायचे आणि कोणत्या अधिकाराने चालवायचे, हा प्रश्न तयारीच्या यादीत बहुधा सर्वांत शेवटी येतो. मग महेश्वरच्या घाटावर बसूनही मन जळगावच्या नळाशी, गावाकडच्या गोठ्याशी आणि नातवाच्या सहामाही निकालाशीच घोटाळत राहते. म्हणून या लेखात प्रवासाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार घराच्या सोपवणुकीचा केला आहे.

पहिला निर्णय निघण्याच्या वेळेचा. चातुर्मासात परिक्रमा करीत नाहीत आणि कार्तिकी एकादशीनंतर परिक्रमावासी निघू लागतात, हा क्रम शहरात राहणाऱ्या निवृत्तांना सोयीचा आहे, कारण तोपर्यंत भाऊबीज आटोपून लेकी सासरी परतलेल्या असतात. ज्यांची शेती आहे, त्यांचे गणित वेगळे असते. त्या दिवसांत कापसाची वेचणी भरात असते, मजूर मिळविणे, माप करणे आणि व्यापाऱ्याशी भाव ठरविणे ही कामे रोजची असतात, आणि ती सारी एकट्या मुलावर टाकून निघणे मला योग्य वाटत नाही. अशा घरातील जोडप्याने दत्तजयंतीनंतर, वेचणीचा मोठा भाग उरकल्यावर निघावे आणि होळीपूर्वी परत यावे. पौषात नर्मदेच्या उगमाशी, अमरकंटकला, थंडी कडक असते, हे खरे. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंच आहे आणि आपल्याकडच्या शरीराला तशा थंडीची सवय नसते. पण स्वेटर आणि कानटोपी वाढवून थंडीची सोय करता येते, तर अर्धवट वेचलेल्या कापसाची सोय दूर राहून करता येत नाही. उशीर करून मार्चच्या पुढे जाणे मात्र टाळावे.

नर्मदा १३१२ किलोमीटर लांब आहे. दोन्ही काठ धरले तर २६०० किलोमीटरहून अधिक अंतर होते आणि गाडीचा रस्ता काठाला धरून नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच चालवावे लागते. सहलीच्या बसगाड्या हे अंतर साधारण पंधरा ते वीस दिवसांत उरकतात. साठी ओलांडलेल्या जोडप्याने पंचवीस ते तीस दिवस धरावेत आणि घरच्यांना सांगताना त्यात आणखी चार दिवस मिळवूनच सांगावेत. सांगितलेल्या तारखेपेक्षा उशीर झाला की घर काळजीत पडते. लवकर परतल्यास कोणाचीच हरकत नसते.

आता सोपवणुकीकडे वळू. घर ज्या माहितीवर चालते, तिचा मोठा भाग कोठेही लिहिलेला नसतो, तो घरच्या बाईच्या डोक्यात असतो. त्यामुळे घराची वही नवऱ्याने एकट्याने लिहू नये. पत्नीने सांगावे आणि दोघांनी मिळून लिहावे. नळाला पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येते, टाकीचा कॉक कोठे आहे, दूधवाल्याचा हिशेब महिन्याच्या कोणत्या तारखेला होतो, गॅसची दुसरी टाकी भरलेली आहे की रिकामी, घरकाम करणाऱ्या बाईंना उचल किती दिली आहे, देव्हाऱ्यातील कोणत्या देवाला कोणत्या वारी काय लागते, वर्षाचे धान्य कोणत्या कोठीत आहे आणि दादर ज्वारीला कीड लागू नये म्हणून तिला ऊन केव्हा द्यायचे, हे सारे वहीत यावे. लग्नसराईत येणाऱ्या पत्रिकांचाही त्यात विचार असावा. कोणत्या घरी मुलाने स्वतः जायचे, कोठे आहेर पाठवून चालेल आणि कोठे फोन पुरेल, हे लिहून ठेवले नाही तर पुढे वर्षानुवर्षे उणेदुणे ऐकावे लागते.

वही लिहून झाली की निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस घर तिच्या आधाराने सूनबाईंच्या हाती द्यावे आणि आपण त्याच घरात पाहुण्यासारखे राहावे. या दिवसांत वहीतील उणिवा दिसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सूनबाईंना हे कळते की जबाबदारीबरोबर अधिकारही दिलेला आहे. दूध बदलले, बाईंच्या कामाची वेळ बदलली, भाजी वेगळ्या दुकानातून आणली, तर त्याबद्दल विचारणा करू नये. जो दुरून घर चालवू पाहतो, त्याची परिक्रमाही होत नाही आणि त्याच्या घरच्यांना मोकळा श्वासही मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलगा आणि सून पुण्याला किंवा नाशिकला असतील आणि घर बंद राहणार असेल, तर वहीऐवजी विश्वासू शेजारी महत्त्वाचा. त्याच्याकडे किल्ली द्यावी, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत, जवळच्या पोलीस ठाण्यात घर बंद राहणार असल्याचे कळवावे आणि प्रवासाची छायाचित्रे परत येईपर्यंत मोबाइलच्या स्टेटसवर ठेवू नयेत.

शेतीचा कारभार मुलाकडे देताना सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, समोर बसवून बोलावे. आपल्याकडे सालदाराचे साल आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) आखाजीपर्यंत धरण्याची रीत आहे. म्हणजे प्रवासाच्या काळात साल मधोमध असते आणि त्याने किती उचल घेतली, किती बाकी आहे, हे मालकाला आणि त्यालाच माहीत असते. तो आकडा मुलासमोर दोघांनी मान्य करावा. गहू-हरभऱ्याला पाणी देताना शेतीपंपाची वीज पाळीने कधी दिवसा, तर कधी रात्री येते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात थंडीत, अंधारात पाणी भरायला कोण जाणार, हेही आधीच ठरवावे. रावेर-यावलकडे केळीचा बाग कापणीला येणार असेल, तर कोणत्या व्यापाऱ्याला द्यायचा आणि केळीच्या जाहीर होणाऱ्या बोर्डाच्या भावापेक्षा किती कमी आल्यास थांबायचे, हा निर्णयही मुलाकडेच सोपवावा.

घरात वृद्ध आई किंवा वडील असतील, तर त्यांची संमती सर्वांत आधी घ्यावी आणि ती इतरांसमोर न घेता एकांतात घ्यावी, कारण चारचौघांत कोणतीही माय मुलाला “जा” असेच म्हणते. त्यांच्या औषधांची चिठ्ठी, नेहमीचे डॉक्टर आणि रात्री अचानक न्यावे लागल्यास कोणते रुग्णालय, हे वहीच्या पहिल्या पानावर असावे. लेकीला शक्य असेल तर तिने त्या महिन्यातले काही दिवस माहेरी येऊन राहावे, म्हणजे आजीलाही बरे वाटते आणि सूनबाईंनाही उसंत मिळते. मात्र त्यासाठी जावयांशी आणि तिच्या सासूबाईंशी आपण स्वतः बोलावे. लेकीला मध्ये घालू नये.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो आणि नेमका तोच निघण्याचा महिना असतो, म्हणून दाखला देऊनच निघावे. जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून तो मोबाइलवरूनही देता येतो. वयाच्या ५५ वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण ५ वर्षांपुरतेच होते, त्यामुळे परवान्याची मुदत विम्याइतक्याच काळजीने पाहावी. बँकेचे खाते दोघांच्या नावे आणि दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल असे असावे. “तुमच्या आईवडिलांना अपघात झाला, ताबडतोब पैसे पाठवा” असे फोन करून फसविणारे लोक आहेत. त्यासाठी घरात एक खुणेचा शब्द ठरवावा आणि तो ऐकल्याशिवाय कोणीही पैसे पाठवू नयेत. तरीही फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

फोनसाठी रोजची एकच वेळ असावी. रात्री जेवणानंतरची अर्धी घटका सर्वांना सोयीची पडते. नवऱ्याने मुलाशी आणि पत्नीने सूनबाईंशी स्वतंत्रपणे बोलावे, कारण एकाच फोनवर सगळे बोलू लागले की महत्त्वाचे राहून जाते. नातवंडांशी मात्र दोघांनी मिळून बोलावे. त्यांना भिंतीवर लावण्यासाठी नदीचा नकाशा देऊन ठेवावा आणि रोज मुक्कामाच्या गावावर खूण करायला सांगावे. मध्य प्रदेशातील डिंडोरी, मंडला या भागात फोन लागेलच असे नाही. एक रात्र फोन आला नाही तर काळजी करायची नाही, दुसरी रात्रही गेली तर शेवटच्या मुक्कामाच्या आश्रमात फोन करायचा, असा नियम आधीच ठरलेला असावा.

खान्देशातील लोकांना या परिक्रमेत एक सोय आपोआप मिळते. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालेली गाडी बडवानीनंतर खेतियामार्गे शहाद्याला येते आणि तापीकाठच्या प्रकाशामार्गे गुजरातकडे जाते. संकल्प केलेल्या परिक्रमावासीयाने मध्येच घरी जायचे नसते. परंतु घरच्यांनी प्रकाशाला येऊन भेटायला काहीच अडचण नाही. रविवार साधून हा मुक्काम ठरवावा. केदारेश्वराचे दर्शन घ्यावे आणि तापीकाठी एकत्र जेवावे. मुलाने पुढच्या पंधरा दिवसांची औषधे, अमरकंटकसाठी जाड कपडे आणि संपत आलेली शेंगदाण्याची चटणी आणावी. नको असलेले सामान त्याच्याबरोबर परत पाठवावे. कळण्याची भाकरी आणि भरीत हे जेवण त्या दिवशी सूनबाईंनीच करून आणावे अशी अपेक्षा धरू नये, ते शहाद्यातही मिळते. दत्तजयंतीच्या सुमारास जवळच्या सारंगखेड्याला घोड्यांची मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत रस्त्यावर आणि मुक्कामाच्या जागी फार गर्दी असते, एवढे लक्षात ठेवावे.

अडचण येते ती समुद्रमुखाशी. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, म्हणून दक्षिण तटावरील कठपोरहून बोटीने समुद्रातून वळसा घालून उत्तर तटावरील मिठीतलाईला जातात. बोट भरतीच्या वेळेवर अवलंबून असते आणि तिच्यात गाडी जात नाही. ती अंकलेश्वर-भरूचच्या पुलावरून कोणीतरी फिरवून आणावी लागते. दोघेच असलेल्या जोडप्याचा येथे खोळंबा होतो. पुतण्या, भाचा किंवा ओळखीचा चालक यांपैकी कोणीतरी नंदुरबारहून रेल्वेने सुरतेला आणि तेथून अंकलेश्वरला यावे, अशी व्यवस्था आधी करून ठेवावी. पूर्ण प्रवासासाठीच गावातील एखादा जाणता चालक बरोबर घेता आला, तर मी तोच सल्ला देईन. सत्तरीच्या आसपासच्या गृहस्थाने रोज स्टिअरिंग धरण्यात कोणतेही पुण्य नाही.

चालविताना दिवसाला दोनशे किलोमीटरपुढे जाऊ नये आणि दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठावा. शहादा परिसरात आणि पुढे नरसिंहपूरकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री मागील दिव्यांशिवाय चालतात. डिसेंबर-जानेवारीत मध्य प्रदेशात सकाळचे धुके दाट असते, तेव्हा चहा घेऊन ऊन पडू द्यावे आणि मगच निघावे.

सर्वांत अवघड बोलणे निघण्याच्या आदल्या आठवड्यात करावे. कोणती बातमी आल्यास आपण परिक्रमा सोडून परतायचे, हे सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. उत्तर तटावरून घरी यायचे म्हणजे नदी ओलांडणे आले आणि परिक्रमा खंडित होणे आले. ही गोष्ट माहीत असल्यामुळे मुले वाईट बातमी दडवून ठेवतात, आणि तसे होऊ द्यायचे नसेल तर आपणच त्यांना स्पष्ट शब्दांत मोकळीक द्यावी: आईची प्रकृती गंभीर झाली, घरात कोणाला रुग्णालयात ठेवावे लागले, तर त्याच क्षणी कळवा, परिक्रमा पुन्हा करता येईल. मग प्रत्येक टप्प्यावरून परतीचा रस्ता वहीत लिहावा. भरूचच्या बाजूने असाल तर सुरतेहून नंदुरबार, अमळनेर, जळगाव असा रेल्वेमार्ग आहे. महेश्वरहून धामनोदला येऊन सेंधवा, शिरपूरमार्गे धुळ्याचा महामार्ग मिळतो. नेमावरच्या पलीकडे हरदा स्थानक आहे, आणि जबलपूरहून इटारसीमार्गे भुसावळ एका रात्रीत गाठता येते. अमरकंटकहून मात्र वेळ लागतो, म्हणून आईची प्रकृती नाजूक असेल तर तेथे जाण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे. अशा वेळी गाडी आश्रमात किंवा ओळखीच्या ठिकाणी ठेवून रेल्वेनेच यावे. काळजीने ग्रासलेल्या माणसाने रात्रभर गाडी चालवू नये.

ओंकारेश्वरला परिक्रमा पूर्ण करून, जल अर्पण करून घरी आल्यावर दोन-तीन दिवस वही सूनबाईंच्याच हाती राहू द्यावी. झालेला खर्च विचारून तो लगेच द्यावा आणि त्यांनी केलेल्या बदलांपैकी जे चांगले चालले आहेत, ते तसेच ठेवावेत. मावंदे, म्हणजे यात्रा पूर्ण झाल्यावरचे जेवण, घालायचे असल्यास नातवंडांच्या वार्षिक परीक्षेची तारीख पाहून, सूनबाईंना विचारून दिवस ठरवावा. महिनाभर ज्यांनी घर सांभाळले, त्यांच्यावरच दोनशे पानांचा स्वयंपाक टाकू नये. आचारी सांगावा आणि पंक्तीला त्यांना आपल्या शेजारी बसवावे.