उभ्या ट्रकच्या बॅटऱ्या उतरतात? शोध घेताना या चुका टाळा

उसाचा हंगाम संपला की ट्रक वस्तीवर उभा राहतो, पावसाळ्यात टिपरला काम नसते, शाळांना सुट्टी लागली की मोठ्या बस आवारात लागतात. तीन-चार आठवड्यांनी चावी फिरवावी तर सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. मग बॅटरी चार्ज होते, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, आणि शेवटी नवी बॅटरी बसते. तीही महिन्याभरात उतरते, कारण करंट कोण खातोय हे कुणी शोधलेलेच नसते.

२४ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये असतात. एकीचा मायनस चॅसीला जातो, तिला इथे ‘अर्थची बॅटरी’ म्हणू. दुसरीचा प्लस सेल्फकडे आणि फ्यूजबॉक्सकडे जातो, ती ‘मेनची बॅटरी’. दोघींना जोडणारी जाड केबल म्हणजे जोडकेबल. एक गैरसमज आधीच काढून टाकावा: १३० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये लावल्या म्हणजे २६० होत नाहीत. व्होल्ट दुप्पट होतात, साठा १३०च राहतो.

एकूण व्होल्टेज पाहून समाधान मानणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मीटर दोन टोकांना लावला, २४.४ व्होल्ट दिसले, ‘अर्धी चार्ज आहे’ म्हणून चार्जरला लावली. पण हे २४.४ दोन प्रकारे येतात. दोन्ही बॅटऱ्या १२.२ वर असतील, तर गाडीत कुठेतरी २४ व्होल्टच्या लाइनवर करंट जातोय. मेनची १२.६५ आणि अर्थची ११.७५ असेल, तर दुखणे पूर्ण वेगळे आहे. बेरीज तीच, इलाज वेगळा.

म्हणून पहिले काम: प्रत्येक बॅटरीच्या स्वतःच्या प्लस-मायनसवर मीटर लावून दोन आकडे कागदावर लिहा. मीटरची टोके केबलच्या लगवर (केबलच्या शेवटच्या धातूच्या कडीवर) नको, शिशाच्या पोलवर टेकवा, म्हणजे सैल लगचा घोळ आकड्यात मिसळत नाही. स्थिर बॅटरीत १२.६५ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव आणि ११.८ म्हणजे रिकामी. एखादी साडेदहाच्या आसपास अडकली असेल तर एक सेल शॉर्ट झाल्याचा दाट संशय घ्या, कारण एका सेलचे २.१ व्होल्ट असतात.

गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडे फसवे येतात; चार्जिंगचा वरवरचा फुगवटा उतरायला रात्रभर थांबा. पाणी भरायच्या बॅटरीत ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटरही बुडवा. भरलेल्या सेलचा आकडा साधारण १.२५० ते १.२६५ येतो. एकाच बॅटरीतल्या दोन सेलमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक असेल तर कमी आकड्याचा सेल गेलेला धरा, वायरिंगवर वेळ घालवू नका.

एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढणे

टेप, अँप्लिफायर, मोबाइल चार्जर, कॅबिनमधला पंखा, दर्शनी भागावरच्या एलईडी पट्ट्या, सीसीटीव्हीचा डीव्हीआर ही सगळी मंडळी बहुधा १२ व्होल्टची. वायरमन सोपा मार्ग काढतो: जोडकेबलच्या लगखाली एक वायर दाबतो आणि मायनस चॅसीला देतो. काम झटपट होते, फ्यूजही बहुतेक नसतोच.

आता होते काय ते बघा. हा सगळा लोड एकट्या अर्थच्या बॅटरीवर पडतो. गाडी चालू असताना अल्टरनेटर दोघींना मिळून २८ व्होल्टच्या आसपास देतो. तो दोघींना सारखे वाटून देत नाही. भरलेली मेनची बॅटरी १५ व्होल्टपर्यंत चढते, उकळते, पाणी उडवते. उपाशी अर्थच्या बॅटरीला १३ च मिळतात आणि तिच्या प्लेटवर सल्फेट बसत जाते. एक जास्त खाऊन मरते, दुसरी उपाशी. डिस्टिल्ड वॉटर एकाच बॅटरीत वारंवार घालावे लागत असेल, तर पहिली शंका याच वायरीवर घ्या.

दोन बॅटऱ्यांची पातळी सारखी ठेवणारा बॅलन्सर नसेल तर १२ व्होल्टचा हा लोड काढून २४ चे १२ करणाऱ्या कन्व्हर्टरवर टाका. कन्व्हर्टरलाही सप्लाय थेट बॅटरीवरून नको, इग्निशनने चालणाऱ्या रिलेमार्फत द्या. तो रिकामा असतानाही थोडा करंट पितो आणि उभ्या गाडीत तेवढेही नकोच. बॅटरीजवळ योग्य फ्यूज हवाच. रात्री मुक्कामाला १२ व्होल्ट लागतातच अशी गाडी असेल, तर बॅलन्सर लावा.

मेनची बॅटरीच खाली असेल आणि अर्थची ठीक, तर चॅसीला मायनस दिलेल्या लोडवर दोष येत नाही. तिथे बॅटरीच कमजोर असते, किंवा एखादे उपकरण थेट तिच्याच दोन पोलवर जोडलेले असते.

करंट मोजताना घाई करणे

चावी काढून लगेच मोजले तर एक-दोन अँपिअर दिसतात आणि माणूस घाबरतो. नव्या गाड्यांतले ईसीयू (इंजिनचा कंप्युटर), क्लस्टर (समोरचे मीटर) आणि ट्रॅकर झोपायला वेळ घेतात. दार बंद ठेवा (उघडे ठेवणे भागच असेल तर दाराचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणा, म्हणजे केबिनचा दिवा विझतो) आणि किमान ४५ मिनिटे गाडीला हात लावू नका.

मीटर सीरिजमध्ये लावायचा तर चॅसीकडे जाणाऱ्या मायनस केबलमध्ये. मीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच हवा. केबल सरळ उपटून मीटर जोडला तर सप्लाय तुटून परत येतो आणि सगळे मॉड्यूल जागे होतात. म्हणून आधी एक जाड जंपर वायर केबलचा लग आणि मायनस पोल यांच्यात पकडा, मग लग सोडवा, गाडी झोपू द्या, जंपर तसाच ठेवून मीटर जोडा आणि शेवटी जंपर काढा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, हीटर किंवा हेडलाइट लावायची नाही. मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जातो.

वायरीभोवती चिमट्यासारखा पकडायचा डीसी क्लॅम्प मीटर असेल तर काहीच सोडावे लागत नाही, फक्त तो मिलिअँपिअर दाखवणारा हवा. नेहमीचा घरगुती एसी क्लॅम्प इथे उपयोगाचा नाही. मोजण्याआधी वायरीपासून दूर नेऊन शून्य करून घ्या. आणि या क्लॅम्पने एक फार कामाची तपासणी होते: आधी मेनच्या बॅटरीच्या प्लसवरच्या सगळ्या वायरी एकत्र पकडा, मग अर्थच्या बॅटरीच्या मायनसवरच्या सगळ्या. समजा प्लसवर ४० मिलिअँपिअर आले आणि मायनसवर ३४०. मधले ३०० जोडकेबलजवळून कुणीतरी १२ व्होल्टवर नेतोय. दोन्हीकडे सारखेच ३४० आले तर १२ व्होल्टची वायर निर्दोष आहे, चोर २४ व्होल्टच्या लाइनवर आहे.

किती करंट चालेल? उभ्या गाडीला घड्याळ, ट्रॅकर, ईसीयूची मेमरी यांसाठी ५० मिलिअँपिअरच्या आसपास ठीक. उपकरणे जास्त असतील तर १०० पर्यंत. हिशेब सोपा आहे. १०० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-अवर. १३० ची बॅटरी अर्ध्यावर यायला २७ दिवस. तेच ३०० असेल तर नऊ दिवस. गाडी किती दिवसांनी बसते हे मालकाला विचारले तर मीटर लावायच्या आधीच अंदाज येतो.

फ्यूज एकामागून एक उपटणे

फ्यूज काढून परत बसवताना झोपलेले सर्किट जागे होते आणि आकडे नाचू लागतात. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर प्रोब टेकवा. शून्य म्हणजे त्यातून करंट नाही. १० अँपिअरच्या नेहमीच्या ब्लेड फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे १३० मिलिअँपिअर. मोठ्या अँपिअरच्या फ्यूजवर तेवढ्याच करंटला आकडा छोटा येतो, हे ध्यानात ठेवा.

सगळे फ्यूज शून्य आणि तरी करंट जातोय, असे झाले की बरेच जण गोंधळतात. अल्टरनेटरची जाड वायर केबिनच्या फ्यूजबॉक्समधून जातच नाही. त्यातला डायोड गळका झाला की उभ्या गाडीत बॅटरीचा करंट उलटा अल्टरनेटरमध्ये शिरतो. रात्रभर थंड उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला तर तिथेच थांबा. खात्रीसाठी आधी बॅटरीचा मायनस काढा, अल्टरनेटरची मेन वायर सोडवून टेपने गुंडाळा, मायनस परत जोडून मोजा. करंट गायब झाला तर दोष सापडला.

पेटीतली घाण आणि पान्ह्याची ठिणगी

चॅसीवरच्या बॅटरी पेटीत चिखल आणि ॲसिडचा ओला थर साचतो, आणि त्यातूनही करंट गळतो. मीटरचा काळा प्रोब मायनस पोलवर आणि लाल प्रोब बॅटरीच्या प्लास्टिक झाकणावर फिरवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसले तर पृष्ठभाग साफ करा: लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम खाण्याचा सोडा, ब्रश, मग साधे पाणी. सेलची बुचे घट्ट असू द्या, सोडा आत गेला तर ॲसिड मरते.

खोलताना नेहमी चॅसीचा मायनस आधी, जोडताना शेवटी. मेनच्या प्लसवर लावलेला पान्हा चॅसीला टेकला तर २४ व्होल्टचा पूर्ण शॉर्ट होतो, आणि चार्जिंगनंतर पेटीत हायड्रोजन असतो.

एकच बॅटरी बदलणे

पैसे वाचतात असे वाटते, पण नवी आणि जुनी सीरिजमध्ये लावली की जुनी नवीला सोबत घेऊन बुडते. जोडी एकाच कंपनीची, एकाच अँपिअर-अवरची, जवळच्याच तारखेची घ्या. उतरलेल्या दोन बॅटऱ्या २४ व्होल्टच्या चार्जरवर एकत्र लावू नका. वेगळ्या करून १२ व्होल्टच्या चार्जरने एकेक भरा, करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, म्हणजे १३० ला १३ अँपिअर.

‘दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालू करतो’ यानेही भागत नाही. आयडलवर अल्टरनेटरचे उत्पन्न कमी असते, आणि उतरत चाललेली बॅटरी भरायला दहा मिनिटे पुरत नाहीत. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी गाडीपासून तोडणारा कटऑफ स्विच वापरा. बीएस-६ ट्रकमध्ये मात्र चावी काढल्यावर लगेच तो बंद करू नका: धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाचा पंप पाइपातला युरिया टाकीत परत ओढतो, तो आवाज थांबू द्या आणि गाडीच्या पुस्तिकेतला वेळ पाळा. घाईत बंद केला तर युरिया पाइपात सुकून खडे होतात. आणि कटऑफ बंद असतानाही दोन्ही बॅटऱ्यांवर करंट मोजा. तेव्हा जो दिसेल तो थेट बॅटरीवर जोडलेल्या वायरींचा, बहुतेकदा ट्रॅकरचा. प्रवासी गाडीतला सक्तीचा ट्रॅकर स्वतःहून तोडू नका, बसवणाऱ्याकडून तपासून घ्या.

दुरुस्तीनंतर दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरा, रात्रभर ठेवा, दोन आकडे लिहा आणि सात दिवस गाडी उभी करून परत मोजा. ५० मिलिअँपिअरवर १३० ची बॅटरी आठवड्यात ०.०५ व्होल्टच्या आसपासच खाली येते, दोन्ही सारख्याच. एकीत ०.०४ आणि दुसरीत ०.३ आले, तर जोडकेबलचा लग पुन्हा उघडून बघा.