रास्पबेरी पायवर मिडी सिंथ: या चुका टाळा

रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक), यूएसबी मिडी कीबोर्ड (मिडी म्हणजे कोणती पट्टी दाबली याचा संदेश), यूएसबी साउंड कार्ड आणि फ्लुइडसिंथ (त्या संदेशांवरून आवाज तयार करणारा प्रोग्राम). चांगला सिंथ (सिंथेसायझर) उभा करायला एवढं सामान पुरतं. तरी आवाज आला नाही की बरेच जण साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) बदलत बसतात. दोष बहुधा तिथे नसतो. कीबोर्ड, आल्सा (लिनक्सची ध्वनी आणि मिडी यंत्रणा), फ्लुइडसिंथ, साउंड कार्ड या क्रमाने एकेक दुवा तपासा.

पट्टी दाबली आणि काहीच वाजलं नाही, तर आधी ‘एकनेक्ट -एल’ ही मिडी जोडण्या दाखवणारी कमांड चालवा. कीबोर्ड आणि फ्लुइडसिंथ दोन्ही यादीत दिसतील, पण जोडलेले नसतील. जोडताना यादीतले २०, १२८ असे क्रमांक स्क्रिप्टमध्ये लिहू नका. रीबूटनंतर ते बदलू शकतात. नावाने जोडा. साउंड कार्डलाही हाच नियम, नाहीतर आवाज एचडीएमआयकडे जातो आणि तुम्ही हेडफोन तपासत बसता. यादीत फ्लुइडसिंथच नसेल, तर तो अजून साउंडफाँट वाचत असेल. फ्लुइड-आर-थ्री या साउंडफाँटची फाइल सुमारे १४० एमबीची आहे, म्हणून जोडणीच्या स्क्रिप्टला काही सेकंद थांबायला लावा.

आवाज उशिरा येतो? फ्लुइडसिंथ लिनक्सवर मुळात ६४ सॅम्पलचे (आवाजाच्या सूक्ष्म नमुन्यांचे) १६ तुकडे बफरमध्ये, म्हणजे वाजवण्याआधीच्या साठ्यात, धरतो. म्हणजे १०२४ सॅम्पल. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या दराने जवळपास २३ मिलिसेकंद. द्रुत लयीत हे बोटांना जाणवतं. ४८,००० चा दर ठेवून १२८ चे ३ तुकडे करा, उशीर ८ मिलिसेकंदांवर येतो. त्यावर चरचर सुरू झाली तर बफर लगेच वाढवू नका. आधी रिव्हर्ब आणि कोरस हे ध्वनी-परिणाम बंद करा, पॉलिफनी (एकाच वेळी वाजू शकणारे आवाज) २५६ वरून ६४ वर आणा, सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) ‘परफॉर्मन्स’वर ठेवा. मोबाइलचा चार्जर वापरत असाल तर तोही बदला: पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. व्होल्टेज पडलं की प्रोसेसर आपला वेग कमी करतो.

आवाज बारीक असेल तर अँप्लिफायर पिळू नका, त्याने खरखरही वाढते. फ्लुइडसिंथचा गेन (आवाजाची पातळी) मुळात ०.२ असतो; ०.६ करून पाहा. भरगच्च कॉर्ड फाटायला लागली की थोडा खाली घ्या.

पेटीच्या जवळचा आवाज हवा असेल तर जनरल मिडीच्या (वाद्यांच्या प्रमाणित क्रमांकांच्या) यादीत रीड ऑर्गन २१ वा आहे. फ्लुइडसिंथ मात्र शून्यापासून मोजतो, म्हणून २० द्या. २१ दिलंत तर अकॉर्डियन वाजेल. चॅनेलचंही तसंच: ड्रमचा दहावा चॅनेल इथे ९ होतो.

टर्मिनलमधून छान चालणारा सिंथ सिस्टिमडीतून (बूट होताना प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रणेतून) सुरू होताच बंद पडतो, कारण फ्लुइडसिंथ कमांडची वाट पाहतो आणि समोर टर्मिनलच नसतं. ‘-आय’ आणि ‘-एस’ हे दोन्ही पर्याय द्या.

सिंथची विजेची वायर कोणीतरी थेट उपटणारच. सगळं जमल्यावर रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंग कमांडमधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, म्हणजे एसडी कार्डावर काही लिहिलं जाणार नाही आणि अर्धवट लिहिण्याने ते बिघडणार नाही.